एक दात कमी

कारखान्यात तिला सगळे दातेमावशी म्हणायचे. तिचं आडनाव दाते नव्हतं. ती दात कापायची, म्हणून दाते. लोखंडाच्या चाकांना दात पाडायचे, म्हणजे गिअर कापायचे, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी तर एकदा गाल धरून तिचं दार वाजवलं होतं. "मावशी, अक्कलदाढ फार ठणकतेय हो." मावशीने त्यांना आत बसवलं, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या आणि मग सांगितलं, "मी बघते ते दात ठणकले तर अख्खा कारखाना बंद पडतो. तुमचे दात मला नाही हो जमायचे."

हे काम तिच्याकडे वडिलांकडून आलं. बाबा त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर एकतीस वर्षं उभे होते. आई घरी कपडे शिवायची. तिच्या बटणांच्या डब्यातून बाबा मूठभर बटणं काढून लेकीसमोर टाकायचे. "लाव बघू सारख्या ओळी." बारा बटणं शहाण्यासारखी ओळीत बसायची, तीन-तीनच्या चार, दोन-दोनच्या सहा. तेराव्या बटणाने घोटाळा व्हायचा. कशाही ओळी लावा, एखादं बटण बाहेर उभंच. बाबा म्हणायचे, "हा हट्टी आकडा. याला कुणी सारखं वाटून घेऊ शकत नाही." शाळेत बाईंनी फळ्यावर 'मूळ संख्या' असं लिहून ज्याला एक आणि तो स्वतः याखेरीज कशानेच भाग जात नाही तो आकडा शिकवला, तेव्हा ती मनात म्हणाली, अरे, हे तर आपले हट्टी!

ती कारखान्यात लागली ती हत्यारांच्या खोलीत, कटर आणि ड्रिल मोजून द्यायला-घ्यायला. त्याच सुमारास बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मापाच्या पट्टीवरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनात, पण सांगायचं कुणाला? लेक जेवणाच्या सुट्टीत येऊन त्यांना मापं वाचून द्यायची. मग मोजायलाही लागली, मग हँडलही फिरवायला लागली. वर्षभराने फोरमनच्या लक्षात आलं. तो दोघांसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बाबांनी मान खाली घातली. फोरमन म्हणाला, "गेल्या वर्षात एकही चाक परत आलेलं नाही. म्हणजे हिचाच हात दिसतोय. मग हिलाच उभी करा की!" अशी ती मशीनवर आली, आणि पुढे त्या मशीनची मालकीण असल्यासारखीच वागली.

ही गोष्ट ती पन्नाशीला टेकली होती तेव्हाची. पेपर मिलमधून पुन्हा तीच ऑर्डर आली. ओला कागद वाळवणारे मोठे रूळ फिरवायला तिथे माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं एक चाक होतं, दोनशे चाळीस दातांचं. त्याला फिरवायचं ते एक छोटं चाक, वीस दातांचं. छोट्याला पिनियन म्हणतात. असं मोठं चाक एकदा बसवलं की वीस-पंचवीस वर्षं बघायला लागू नये. हे मात्र सहा-सात वर्षांत मान टाकायचं. बाबांनी दोन कापून दिली होती, तिने तीन. आता सहावं. मिलवाले कधी तेलाला नावं ठेवायचे, कधी लोखंडाला. या वेळी पत्रात एक नवीन ओळ होती: 'दात कापणीचा दर्जा तपासावा.'

मावशीने ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून फोरमनच्या टेबलावर ठेवलं.

"माझ्या हाताला बोल लावतात काय? मला ते जुनं चाक बघायचंय."

"अहो, ते भंगारात जाणार. बघून काय करणार?"

"मेलेल्यालाही डॉक्टर बघतातच ना, कशाने गेला ते?"

मिलची आठवड्याची सुट्टी होती त्या दिवशी ती तिथे गेली. मिलचे इंजिनिअर स्वतः बरोबर आले. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. पत्र त्यांनीच लिहिलं होतं आणि त्यामुळे जरा अवघडले होते. मावशीने चाकाभोवतीचं लोखंडी झाकण काढायला लावलं, चिंध्यांनी वंगण पुसलं आणि खडू घेऊन एकेक दात बघत गेली. जिथे दात खाल्लेला दिसेल तिथे खूण. पूर्ण फेरी झाल्यावर मागे सरून बघितलं, तर खुणा बारा. आणि दोन खुणांच्या मधे प्रत्येक ठिकाणी एकोणीस दात ठणठणीत!

तिने पिनियनचे दात बोटांनी चाचपले. एका दाताचा टवका उडाला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच दाताला तिने निळा रंग फासला आणि म्हणाली, "साहेब, आता हाताने फिरवायला सांगा. सावकाश."

दोघा कामगारांनी जोर लावला. मोठं चाक एक फेरा फिरलं. निळा डाग बारा दातांवर उमटला होता, तेच खडूच्या खुणांचे बारा. दुसरा फेरा, तेच बारा. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनिअर साहेब गुडघ्यावर बसून बघत होते.

"पण पिनियन आम्ही मधे दोनदा बदललं होतं," ते म्हणाले.

"बदललं, पण मोठं चाक तेच राहिलं ना? या बारा आजारी दातांनी नव्या पिनियनच्या एकाच दाताला धरून झोडपलं. मग त्याने परत यांना. वीस दोनशे चाळीसमध्ये बरोबर बारा वेळा जातो, साहेब. त्यामुळे पिनियनच्या प्रत्येक दाताच्या नशिबी जन्मभर तेच बारा शेजारी. भांडण मिटणार कसं?"

"आणि उपाय?"

"प्रत्येक दाताची प्रत्येकाशी गाठ पडली पाहिजे. मग मार सगळ्यांत वाटला जाईल आणि कुणा एकाचा जीव जाणार नाही."

"मग पिनियन एकोणीस दातांचं करू?"

साहेब हुशार होते, पण मिलचा कागद त्यांना आडवा आला. जाड-पातळ कागदासाठी वेग बदलावा लागायचा, आणि त्यासाठी त्यांच्याकडे चार पिनियन होती: सोळा, अठरा, वीस आणि चोवीस दातांची. सोळा, वीस आणि चोवीस दोनशे चाळीसला सरळ भाग देत होते आणि अठराचं सहाच्या पाढ्यावरून त्याच्याशी नातं लागत होतं. चारही जणांशी सोयरीक! चारही पिनियन बदलण्यापेक्षा मोठं चाकच असं हवं होतं, ज्याचं कुणाशीच नातं लागत नाही.

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली आणि थांबा चुकली. तिच्या डोक्यात बटणं ओळीत लागत होती आणि एक बटण बाहेर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ड्रॉइंग ऑफिसात गेली. तिथले मुख्य म्हणजे पट्टीसाहेब. खिशात कायम स्टीलची पट्टी, आणि बोलणंही तसंच सरळ नि कडक. सहा चाकांची ड्रॉइंग त्यांच्याच हाताखालून गेली होती.

"एक दात कमी करू या, साहेब. दोनशे एकोणचाळीस."

पट्टीसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "दोनशे चाळीस किती देखणा आकडा आहे, मावशी! दोनने जातो, तीनने जातो, चार, पाच, सहा, आठ, दहा…"

"तेच तर त्याचं दुखणं आहे. तो कुणाबरोबरही जातो."

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. पट्टीसाहेब हसले नाहीत. "मग दोनशे अडतीस का नको?"

"तो सम आहे. तुमची चारही पिनियन सम आहेत."

"सदतीस?"

"तीनने जातो. अठराला आणि चोवीसला तीन लागतो."

"आणि एकोणचाळीसला कशानेच जात नाही, हे कशावरून?"

मावशीने खडू घेतला आणि फरशीवरच उकिडवी बसली. "दोन नाही. तीन नाही. पाच नाही. सात चौतीस दोनशे अडतीस, एक उरला. अकरा एकवीस दोनशे एकतीस, आठ उरले. तेरा अठरा दोनशे चौतीस, पाच उरले. संपलं."

"संपलं कसं? सतरा राहिला, एकोणीस राहिला, तेवीस राहिला."

"सतराला सतराने गुणलं की दोनशे एकोणनव्वद होतात. आपल्या आकड्याच्या पुढे गेलं. सतराने किंवा त्याहून मोठ्याने भाग जायचा असेल, तर त्याचा जोडीदार सतराहून लहान असायला हवा. लहान तर सगळे आत्ताच तपासले की."

ती गेल्यावर पट्टीसाहेबांनी दार लावून घेतलं आणि एकशे एकोणीसपर्यंतच्या प्रत्येक आकड्याने भाग देऊन बघितला. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, म्हणून कळलं.

दुपारी फोरमन आला. दोनशे चाळीससाठी ओतून आणलेलं लोखंड आवारात पडलेलंच होतं, ते थोडं कमी व्यासाचं करून घेतलं की काम भागत होतं. अडचण वेगळीच होती. दात सारख्या अंतरावर पडावेत म्हणून मशीनला भोकांची एक तबकडी असते. हँडलची खुंटी एका भोकातून काढायची, ठरावीक भोकं सोडून पुढच्यात बसवायची, की चाक नेमकं एका दाताएवढं सरकतं. दोनशे चाळीसला कपाटातल्या अर्ध्या तबकड्या चालायच्या. दोनशे एकोणचाळीसला एकही चालेना. हट्टी आकडाच तो. त्याला दोनशे एकोणचाळीस भोकांचीच तबकडी हवी, आणि तशी कुणी विकत नव्हतं.

"मी बनवते," मावशी म्हणाली. "तीन आठवडे द्या."

संध्याकाळी घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळे ऑपरेशननंतरही अर्धेच, कान मात्र शाबूत. खुर्चीत बसून ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझी दोन्ही चाकं त्यामुळेच गेली?"

"बाबा, ड्रॉइंगमध्ये होतं ते तुम्ही कापलंत."

"मला ड्रॉइंग वाचता येत होतं, पोरी. विचारता आलं नाही."

ते उठून आत गेले. मावशीचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, मोजकं बोलणारा. तो हळूच म्हणाला, "सांगायला नको होतं का?" आपल्या शहाणपणाने म्हाताऱ्याच्या एकतीस वर्षांवर पाणी ओतलं की काय, असं तिला वाटत राहिलं.

सकाळी ती डबा घेऊन निघाली, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे.

"तबकडीसाठी पट्टी कशाची घेणार आहेस?" त्यांनी विचारलं. "पातळ पत्र्याची घेऊ नकोस. ती ताणली जाते. घड्याळाच्या स्प्रिंगसारखं पोलाद घे."

फोरमनने त्यांच्यासाठी मशीनजवळ एक स्टूल ठेवलं. बाप-लेकीचं ठरलं ते असं: पोलादाची एक लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर अगदी सारख्या अंतरावर दोनशे एकोणचाळीस भोकं पाडायची, मग ती एका गोल ड्रमवर घट्ट गुंडाळायची. दोन्ही टोकं बरोबर भिडली, की वर्तुळाचे दोनशे एकोणचाळीस सारखे भाग आयते मिळतात. चार दिवस ती पट्टीवर वाकून होती. पाचव्या दिवशी बाबांनी पट्टी मांडीवर घेतली आणि बोटांच्या टोकांनी भोकं मोजत गेले. तासभर त्यांचे ओठ हलत होते.

"पोरी, ही दोनशे चाळीस आहेत."

सव्वीस वर्षांची सवय! मावशीचा हात आपोआप दोनशे चाळीसपर्यंत गेला होता. ती म्हणाली, "चार दिवस गेले, बाबा."

"कशाने गेले? भोकं सारख्या अंतरावर आहेत ना? मग शेवटचं कापून टाक की."

दोघंही इतकी हसली की पलीकडच्या लेथवरचा टर्नर काम सोडून बघायला आला.

ड्रम त्या टर्नरनेच कातून दिला. मावशी पट्टी गुंडाळून बघायची, टोकांच्या मधे फट राहायची, आणि ती म्हणायची, "दादा, अजून केसभर." तो केसभर काढायचा. "अर्धा केस." शेवटी टर्नर म्हणाला, "ताई, आता टकलावर आलोय, केस कुठून आणू?" पण टोकं भिडली.

त्या ड्रमवरून पहिली तबकडी झाली. ती बऱ्यापैकी होती, आणि मावशीला बऱ्यापैकी चालत नव्हतं. तिने तीच तबकडी मशीनला लावून तिच्या जोरावर दुसरी बनवायला घेतली. त्या मशीनचं हँडल चाळीस वेळा फिरलं की मशीनवर बसवलेली वस्तू एकदा फिरायची, त्यामुळे पहिल्या तबकडीतली चूक दुसरीत चाळिसाव्या हिश्शाला यायची. प्रत्येक वेळी हँडल चाळीस भोकं पुढे न्यायचं होतं.

टर्नरला हे पटेना. "चाळीस-चाळीसच्या उड्या मारल्यास तर चार फेऱ्यांत परत त्याच भोकात येशील. अर्ध्या भोकांना तुझा पायही लागणार नाही."

"दोनशे चाळीस असते तर सहाव्या उडीलाच परत आले असते. हा हट्टी आहे. एकालाही चुकवणार नाही."

"लागली पैज. सगळ्यांना चहा."

तिने पेन्सिल घेतली. खुंटी ज्या भोकात बसेल त्याच्याजवळ एक ठिपका. पहिल्या फेऱ्यात सहा ठिपके. दुसऱ्यात त्यांच्या शेजारी सहा. दोन दिवस टर्नर येता-जाता वाकून बघायचा. दोनशे अडतिसाव्या उडीनंतर एकच भोक कोरं होतं, ती निघाली होती तेच. पुढची उडी नेमकी त्याच्यात बसली. प्रत्येकाजवळ एकेक ठिपका. दोन ठिपके कुठेही नव्हते.

चहा एकोणीस जणांचा झाला. टर्नरने कुरकुर केली नाही, उलट प्रत्येकाच्या हातात कप देताना तबकडी दाखवून स्वतःच समजावून सांगत सुटला, जणू शोध त्याचाच.

मोठं चाक कापायला नऊ दिवस लागले. शेवटच्या दिवशी कुणी बोलावलं नसताना सगळा कारखाना मशीनभोवती गोळा झाला. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: मोजणीत कुठे बारीकशी चूक असेल, तर ती सगळीच्या सगळी शेवटच्या दातावर येऊन बसते. तो जाड तरी होतो, नाहीतर बारीक. कटर शेवटच्या फटीतून बाहेर आला. मावशीने मशीन बंद केलं, हात पुसले आणि माप लावलं. मग पहिल्या दाताला लावलं. मग परत शेवटच्याला. पट्टीसाहेब पुढे झाले, "बघू." त्यांनी चष्मा खाली ओढून स्वतः वाचलं.

"सारखे आहेत," ते म्हणाले. आणि आवाज जरा चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तंतोतंत सारखे आहेत!"

मावशीने कुणाकडे बघितलं नाही. ती चाकावरून हात फिरवत उभी राहिली. आपण काहीतरी चांगलं केलंय हे तिला आजवर लोकांनी सांगितल्यावर कळायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला ते कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं.

मिलमध्ये टवका उडालेलं पिनियन बदलून नवं चाक बसवलं त्या दिवशी ती बाबांना बरोबर घेऊन गेली. आधी त्या मशीनमधून दर फेऱ्याला ठक-ठक ऐकू यायची, मिलमधल्या लोकांना तिची इतकी सवय झालेली की ती थांबल्यावर दोन जण मशीन बंद पडलं का म्हणून धावत आले. बाबांनी पिनियनवरच्या लोखंडी झाकणावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"दात कुठे भिडतोय ते कळतच नाही," ते म्हणाले. मग इंजिनिअर साहेबांकडे वळून, "ही माझी मुलगी."

"ठाऊक आहे, काका."

"ठाऊक असू दे. मला सांगायचं होतं."

सहा वर्षांनी साहेबांनी झाकण उघडून दोनशे एकोणचाळीस दात स्वतः मोजले आणि मापले. झीज होती, पण सगळ्यांवर सारखी, नखाने जाणवणार नाही एवढी. त्यांनी जुन्या पत्राबद्दल माफी मागणारं नवीन पत्र लिहिलं आणि मिलच्या उरलेल्या तीन मशीनची चाकंही मागवली. शिवाय, तरुण फिटरांना हे समजावून सांगायला मावशीने यावं अशी विनंती. ती गेली. निळा रंग आणि खडू हातात आल्यावर दोन तास बोलली. एका मुलीने विचारलं, "असे हट्टी आकडे कुठवर सापडतात?" मावशी म्हणाली, "कितीही मोठं चाक आण. त्याहून मोठा एक असतोच. ते संपत नाहीत." तेव्हा तिला स्वतःलाच त्या उत्तराचा अभिमान वाटला.

त्या तीन चाकांची ड्रॉइंग पट्टीसाहेबांनी स्वतः काढली, निवृत्त व्हायच्या आधीचं त्यांचं शेवटचं काम. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते: कुणी काढलं, कुणी तपासलं. त्यांनी तिथे आणखी एक ओळ आखली, 'दातांची संख्या कुणी ठरवली', आणि कागद घेऊन खाली मशीनवर आले.

"पूर्ण नाव सांगा. दातेमावशी चालणार नाही."

तिने नाव सांगितलं. ते लिहायला लागले, तशी ती म्हणाली, "थांबा साहेब. मधे वडिलांचं नाव घाला. दोन चाकं त्यांचीही आहेत."

पट्टीसाहेबांनी ते नीट, सरळ अक्षरात लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद तिथेच मशीनवर धरून ठेवला.